कुमासीच्या बाजारात ठेवून आलेली साडी

गुरु., ५ जून. क्वीन्सटाउन, सिंगापूर

सई आणि क्वामे लग्न करणार. सईने सांगितलं, आमटी वाढून घेता घेता. क्वामेने दुजोरा दिला. तोंडात घास होता म्हणून नुसती मान हलवली. दोन सूत्रं, दोन्ही थेट. बातमी पक्की.

श्री "बरं" म्हणाला आणि आणखी भात घेतला. माझा हा नवरा आग लागली तरी आधी ताट संपवेल.

तारीख विचारली. अजून नाही. आधी क्वामेच्या घरचे येतील, त्याचे मोठे मामा बोलतील, मग पुढचं. त्यांच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या दारावर येऊन ठोठावायचं असतं म्हणे. वडील नाहीत, त्यामुळे आई आणि मामा. सई म्हणाली, "इट्स अ प्रोसेस, आई. यू जस्ट वेट लाह."

वेट. ते दोघं विद्यापीठात एका लॅबमध्ये तीन वर्षं, मला कळून दीड. अजून वेट.

रवि., ८ जून

घानाला, आक्राला जातेय. कोकोवरचं चर्चासत्र, ऑफिसचंच काम. तिकीट सईच्या बातमीच्या आधीचं, नोव्हेनाच्या दवाखान्यात जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली तीही मागच्याच महिन्यात. दंड दोन दिवस दुखत होता.

आक्राहून कुमासी विमानाने जेमतेम तासभर. कुमासी हा शब्द किती वर्षं बातम्यांत लिहितेय. 'कुमासीतील व्यापाऱ्यांच्या मते.' पाहिलेलं नाही काहीच. क्वामेची आई तिथल्या मोठ्या बाजारात कापड विकते. तिच्या दुकानाबद्दल तो इतक्यांदा बोललाय की शोधायला पत्ता लागू नये. कापडाची रांग, निळी छत्री, आकुआ म्हणून विचारायचं. बुधवारी जन्मलेली म्हणून आकुआ. क्वामे शनिवारचा.

श्रीला सांगितलं. म्हणाला, "मुलांना विचारून जा."

विचारलं तर नको म्हणतील.

"मग जाऊ नकोस."

आता मुलीकडच्यांनी घरात बसून राहायचं का? बाबा श्रीच्या घरी दोनदा गेले होते, पत्रिका खिशात, दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आले. तेव्हा मला राग आला होता. आज बॅग भरताना आमसुली नारायणपेठी काढली. वन्संनी पुण्याहून पाठवलेली, घडी मोडलेली नाही. ब्लाउजपीस, हळदकुंकवाची पुडी. विहीणबाईंना हात हलवत भेटायला कसं जाणार.

विधवेची ओटी भरत नाहीत म्हणणाऱ्यांचं मी कधी ऐकलेलं नाही. तेव्हा तो प्रश्न नाही.

बुध., ११ जून. कुमासी

हॉटेलवर परत. पाय सुजलेत. जेवढं आठवतंय तेवढं लिहून काढते.

सकाळी टॅक्सीवाल्याने बाजाराच्या अलीकडेच सोडलं, पुढे गाडी जात नाही. खरं म्हणजे पुढे माणूसही जात नाही, वाहतो. डोक्यावर रताळ्यांची पाटी, डोक्यावर कोंबड्यांचा पिंजरा, डोक्यावर शिवणयंत्र. सगळं चालत असतं आणि कुणी कुणाला धडकत नाही. मीच तेवढी सगळ्यांना धडकत होते. शिंपी फिरते. यंत्र खांद्यावर, हातात कात्री, ती रिकामीच वाजवत जातात, त्यावरून कळतं शिंपी आला. टोमॅटोचे मनोरे. धुरावलेल्या माशांचा वास असा, की तो संपला हे कळायला मिऱ्यांचा वास लागतो. लाउडस्पीकरवरून एक जण बायबल सांगत होता, शेजारचा उंदराचं औषध विकत होता, दोघांचा आवाज सारखाच तापलेला.

सिंगापुरात बेडोकच्या बाजारात टाइल्स आणि डोक्यावर पंखे. इथे वर ऊन आणि छत्र्या. आणि बायका. सगळा व्यवहार बायकांच्या हातात. उंच स्टुलावर बसून एकीने मला ओरडून विचारलं, काय हवंय. आकुआ म्हटलं. कुठली आकुआ, इथे अर्धा बाजार आकुआ. निळी छत्री म्हटलं. तिने हात केला, मग दुसरीने, मग तिसरीने. मला हातोहात पोचवलं म्हणायला हरकत नाही.

आकुआबाई. साठीच्या. चष्मा दोरीला. कापड मोजायला वार नाही, हातच. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं, हे मी शपथेवर सांगेन. क्वामेने फोटो पाठवलेले असणारच. डोळ्यांत ओळख आली, आणि मग त्यांनी ती मिटून घेतली.

मी नाव सांगितलं. सईची आई. त्यांनी स्टूल दिलं. पाण्याची पिशवी दिली, दाताने कोपरा तोडून प्यायची. मी प्यायले. वाट पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. बाजूच्या गिऱ्हाइकाला कापड दाखवत राहिल्या.

मीच सुरू केलं. मुलांनी ठरवलंय, आम्हाला आनंद आहे, तुमचं मत जाणून घ्यायला... इथवर आले आणि त्यांनी हात वर केला. ट्रॅफिक पोलीस करतो तसा.

म्हणाल्या, "मी अजून तुझ्या दारात आलेली नाही. मग तू माझ्या दारात कशी येशील? आज तू कापड घ्यायला आलीस. कुठला रंग दाखवू?"

शांतपणे म्हणाल्या. पण दुसरा पर्याय नव्हता त्यात.

मग मी कापड घेतलं. काय करणार. निळं निवडलं होतं, त्यांनी ते बाजूला सारलं आणि पिवळं-काळं काढलं. धुतल्यावर रंग खुलतो म्हणाल्या. सहा वार. घासाघीस केली नाही, केली असती तर बरं वाटलं असतं त्यांना, असं आता वाटतंय. पूर्ण किंमत घेतली. सुटे मोजून परत दिले. एका पैशाची सूट नाही.

निघताना पिशवी पुढे केली. साडी. बघितलीही नाही. "परत ने." मी म्हटलं, अहो ठेवा, तुमच्यासाठीच आणली. "परत ने, सिस्टर." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तर आवाजच वाकडा झाला.

दिलेली साडी परत न्यायची? आमच्यात आधी नको म्हणतात, मग घेतात. नको म्हणणं हा घेण्याचाच भाग. त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या तेव्हा मी पिशवी स्टुलाखाली सरकवली आणि निघाले. शेजारच्या मणी विकणारीने पाहिलं. मी हसले. ती हसली नाही.

गुरु., १२ जून. आक्रा

चर्चासत्र. चार वाजता बातमीची कॉपी पाठवली, वेळेत. दोनदा वाचली, दोन्हीदा काय लिहिलंय कळलं नाही. आकडे बरोबर आहेत एवढं पाहिलं.

सारखा तो वर केलेला हात. चुकलं काहीतरी. पण नेमकं काय? कापड घे म्हणाल्या, घेतलं. भांडण नाही, अपमान नाही. आणि तरी.

खोलीत येरझाऱ्या. बाहेर रस्त्यावर मक्याची कणसं भाजताहेत, खाली जाऊन एक आणलं, अर्धं खाल्लं.

रवि., १५ जून. क्वीन्सटाउन

घरी. सईला सांगितलं. सांगायलाच लागलं असतं, कपाटात पिवळं-काळं कापड लपत नाही.

आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग उभी राहिली. मग पुन्हा बसली.

"आई, तू नुसती गेलीस? लाइक दॅट?"

मी म्हटलं, मुलीकडच्यांनी...

"आपण मुलीकडचे, ते मुलाकडचे. पण पद्धत त्यांची. मी सांगितलं होतं तुला. इन इंग्लिश अँड मराठी."

सांगितलं होतं. खरं आहे. मी ऐकलंही होतं. पण ऐकताना वाटलं, हे त्यांचं असेल, आपलं आपण करावं. श्री पेपर वाचत होता. पान उलटलं नाही, एवढीच त्याची टिप्पणी.

क्वामे संध्याकाळी आला. भात खाताना उलटतपासणी. अगदी सौम्यपणे.

"आंटी, तिने पाणी दिलं?"

दिलं.

"मग विचारलं, काय काम काढलंत?"

नाही विचारलं. तेच मला खटकलं.

क्वामेने सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग येण्याचं कारण विचारायचं. कारण विचारलं की तो पाहुणा, ते कारण सगळ्या घराचं होतं, मग त्याचं उत्तर मामांनाच द्यावं लागतं. तिने विचारलं नाही म्हणजे तिने मला गिऱ्हाईक ठेवलं. मी कधी आलेच नाही, असं ती सांगू शकते. मला वाचवलं म्हणाला. म्हणजे दोघींना.

मग मी साडीचं सांगितलं. स्टुलाखाली.

क्वामेचा चमचा थांबला.

बुध., १८ जून

मामांचा नकार. क्वामेच्या बहिणीने कळवलं, तिला मामींकडून. दोन पायऱ्यांची बातमी, तरी खरी असणार.

मणी विकणारीने बाजारभर केलं. परदेशी मुलीची आई स्वतः आली, हातात भेट घेऊन. मामा, नाव यॉ, गुरुवारचे. म्हणाले म्हणे, मुलीकडचे देणंघेणं करून मोकळे झाले, मग माझ्यासारख्या म्हाताऱ्याने एवढा समुद्र ओलांडून मागायचं काय? त्यांना वाटतं, आम्ही असं धरून चाललो की हे लोक येऊ शकणार नाहीत, परवडणार नाही, म्हणून आम्हीच उरकून टाकलं.

असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पण मनात काय होतं हे तिथे कोण विचारतंय.

मामांशिवाय ठोठावणं नाही, ठोठावण्याशिवाय लग्न नाही. कागदोपत्री होईल, सिंगापुरात कुणाला विचारायला नको. क्वामे ते करणार नाही. तसं त्याने म्हटलेलं नाही. सई म्हणाली, तो करणार नाही आणि मी त्याला करायला लावणार नाही. तिने हे मराठीत सांगितलं. पूर्ण वाक्य, मध्ये एक इंग्रजी शब्द नाही. त्यावरून कळलं किती रागावलीये.

आज तीन बातम्यांमध्ये शीर्षक चुकवलं. ऑफिसातल्या पोरीने नम्रपणे दुरुस्त करून पाठवलं.

शनि., २१ जून

बेडोकला गेले, क्वामेच्या फ्लॅटखाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, भेटलो. त्याला डबा दिला. साबुदाण्याची खिचडी. त्याला आवडते, त्याच्याकडच्या कशाशी तरी जुळते म्हणतो. सई आली नाही.

माफी मागायला गेले होते. त्याने मागू दिली नाही. फोन पुढे केला.

फोटो. आईचं दुकान. निळी छत्री, कापडांच्या भिंती, आणि मधोमध, सगळ्यांत वर, खिळ्याला माझी नारायणपेठी. घडी मोडलेली. पदर उलगडून टांगलेला, गिऱ्हाइकाला काठ दिसावा असा. खाली पुठ्ठ्यावर किंमत.

विकायला काढली.

 समोरची कोपी, इथली गोड कॉफी, संपवली. परतीच्या MRT ट्रेनमध्ये मात्र... जाऊ दे. ओटीची साडी होती ती. दुकानात टांगतात का कुणी.

सोम., २३ जून

श्रीला फोटो दाखवला. बराच वेळ बघितला. हिशेबनीस माणूस, किंमत बघत होता.

म्हणाला, "ही विकायची नाहीये."

कशावरून?

"एवढी किंमत कुणी विकायला लावत नाही. मुंबईतल्या शोरूममध्येही नाही." मग म्हणाला, "गिऱ्हाईक येऊन भेट ठेवून जात नाही. पण व्यापारी येऊन माल ठेवून जातो."

तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस बातमीदार व्हायला हवा होता.

क्वामेला विचारलं. तो म्हणाला, असेल, आई काही सांगत नाही. बाजारात ती म्हणतेय, सिंगापूरची एक बाई आहे, कापडाचा नमुना ठेवून गेली. मणीवालीने तोंडावर विचारलं, ती त्या मुलीची आई ना? तर म्हणे, असेल. मुलीची आई कापडही विकत असेल. मला काय माहीत, मी अजून त्यांच्या घरी गेलेली नाही.

सई आज माझ्याशी दोन वाक्यं बोलली. दुसरं दुधाबद्दल होतं.

रवि., २९ जून

व्हिडिओ कॉल. क्वामेने लावून दिला, स्वतः बाल्कनीत गेला. सई माझ्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. आली तर पुन्हा पंचाईत.

आकुआबाई दुकानात. मागे तोच गोंगाट, कात्र्यांचा आवाज.  ते शहर परत एकदा बघायचंय मला, नीट.

"कस्टमर, कशी आहेस?"

मी म्हटलं बरी आहे. कापड धुतलं, रंग खुलला.

"सांगितलं होतं."

मग साडीबद्दल. रोज कुणीतरी विचारतं, म्हणाल्या. एका चीफच्या बायकोने तर निम्म्यावर मागितली. मी एक पैसा कमी करत नाही. मी विचारलं, कुणी पूर्ण किंमत दिली तर? चष्मा नाकावर घेतला. माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट.

"मग मला विकावी लागेल. मी व्यापारी आहे, सिस्टर. टांगलं ते विकायला टांगलं. नाहीतर माझं बोलणं खोटं."

म्हणजे ती जुगार खेळतेय. माझ्या साडीवर नाही, माझ्या मुलीच्या लग्नावर. आणि पत्ते माझ्यामुळेच वाटले गेलेत.

मग सहज म्हणाल्या तशा म्हणाल्या, यॉ काल दुकानावर आला होता. किंमत विचारली. सांगितली. म्हणाला, एवढी महाग? मी म्हटलं, ज्यांचा माल आहे ते लोक स्वस्त नाहीत. मग गेला.

फोन ठेवला. मागे सई हसत होती, आवाज न करता. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. लहानपणी ठेवायची तशी, आता जड लागते.

शनि., ५ जुलै

मामांनी पासपोर्ट पाठवला क्वामेकडे, फोटो काढून. तिकीट काढ असं म्हणाले नाहीत. काढू नको असंही नाही. क्वामेने दोघांची काढली. शुक्रवारी आक्राहून निघायचं, शनिवारी संध्याकाळी चांगी विमानतळ, रविवारी सकाळी दहाला आमचं दार.

मी विचारलं, हो म्हणालेत का?

"आंटी, म्हातारा माणूस हो म्हणत नाही. येतो किंवा येत नाही."

माझ्या धंद्यात याला दुजोरा म्हणत नाहीत.

मंगळ., ८ जुलै

तयारी. क्वामे घेऊन बसलाय आम्हाला. ते बेल वाजवणार नाहीत, ठोठावतील. आमच्या लोखंडी जाळीवर ठोठावलं की अख्खा मजला ऐकतो. शेजारच्या आंटीला सांगून ठेवलं. ती म्हणाली, वेडिंग आह? गुड, गुड, मी पण दार उघडं ठेवते.

लगेच उघडायचं नाही. मग बसवायचं, पाणी द्यायचं. मग श्रीने विचारायचं. सईला शेवटी बोलावतील आणि त्यांनी मागणीसाठी आणलेली दारूची बाटली घ्यायची का विचारतील, तेही पुन्हा पुन्हा. ती हो म्हणेल तोवर कुणी काही धरून चालायचं नाही.

श्रीने सोफ्यावर सराव केला. क्वामे मामा झाला. पाणी दिलं. श्रीने घसा साफ केला आणि मराठीतच निघालं त्याच्या तोंडून: "येणं कसं केलंत?"

 हे वाक्य बाबांना कुणी विचारलं नव्हतं. दोनदा गेले, दोनदा चहा. मुलीचा बाप आला म्हणजे कशाला आला हे उघड, विचारायचं काय.

क्वामे म्हणाला, हेच. अगदी हेच. मराठीतच विचारा.

मी काय नेसणार, सईने विचारलं. ते पिवळं-काळं उलगडून पाहिलं. सहा वार. सहावारीच आहे की. धुतलं तरी खळ अजून कडक, निऱ्या बसत नाहीत, पण सई म्हणाली हेच. पूर्ण किंमत देऊन घेतलंय, कुणी काही म्हणू शकत नाही.

शुक्र., ११ जुलै

दुपार. शेवटची स्थिती अशी.

आकुआबाई कुमासीहून निघून आक्राला पोचल्या. क्वामेच्या बहिणीने कळवलं, ती त्यांना सोडायला आक्रापर्यंत आलीये. मामा गावाहून थेट विमानतळावर यायचे आहेत. त्यांचा फोन बंद. तसा तो नेहमीच बंद असतो, क्वामे म्हणाला, आणि नंतर तेच पुन्हा म्हणाला.

साडीचं कुणालाच माहीत नाही. सकाळी बहिणीने काल दुकान बंद करतानाचा फोटो पाठवला. छत्री मिटलेली, कापडं दोरीने बांधलेली. वरचा खिळा रिकामा. पुठ्ठाही नाही. विकली गेली की बॅगेत आली, बहिणीने विचारलं. आकुआबाई म्हणाल्या, दुकानातलं दुकानात.

विकली असेल तर त्यांचं बोलणं खरं ठरलं आणि मी नुसती व्यापारी. बॅगेत असेल तर... तर मग परवा ती कुणाच्या अंगावर असेल, की कुणाच्या हातात. मामांच्या हातात, असं सई म्हणते. ती काल रात्रभर असलं काहीबाही म्हणत होती.

मी दोनदा दाराची जाळी पुसली. ऑफिसची कॉपी वेळेत पाठवली. कोकोबद्दल होती, एकही चूक नाही.

विमान आज आक्राहून सुटेल. उद्या संध्याकाळी क्वामे चांगीला जाईल आणि तिथूनच फोन करेल, दोघं उतरले की एकट्या आकुआबाई. ट्रेमध्ये काचेचे दोन पेले काढून ठेवलेत. श्री म्हणाला, एक लागला तर एक परत ठेवता येईल. रविवारी दहाला दार बंद असेल. आम्ही आत असू.